तेलानें बाधलेली जमीन व विहीर : सूक्ष्म जंतूंचें साह्य आणि त्याची मर्यादा

विहिरीवरील डिझेल इंजिन, बांधावर उभा असलेला ट्रॅक्टर आणि कोठाराच्या कोपऱ्यांतील तेलाचें पिंप हीं आतां शेतकऱ्याच्या संसारांतील नित्याचीं साधनें झालीं आहेत. पिंपाचें बूच सैल राहतें, नळी फाटते, टाकी कलंडते, आणि पांचदहा लिटर तेल मातींत मुरून जातें. घरांतील मंडळी पैसे गेले म्हणून हळहळतात. पण तेल गेलें म्हणजे कोठें गेलें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. पैशाचें नुकसान त्याच दिवशीं संपतें. जमिनीचें व विहिरीचें नुकसान मात्र त्या दिवशीं सुरू होतें. ज्यांचें शेत पेट्रोल-पंपाच्या जमिनींत पुरलेल्या टाक्यांजवळ किंवा तेलवाहू नळाच्या वाटेवर आहे, त्यांस तर स्वतःचा कांहींएक दोष नसतां हें संकट भोगावें लागण्याचा संभव असतो.

या संकटावर निसर्गानें एक उपाय जमिनींतच ठेवलेला आहे. तेल खाऊन त्याचें पाणी व वायु करून टाकणारे सूक्ष्म जंतु मातींत मूळचेच असतात. त्यांस काय लागतें हें सांगावयास कोणा मोठ्या शास्त्रज्ञाची गरज नाहीं. पिकास जें लागतें तेंच बहुतांशीं त्यांस लागतें. परंतु त्यांच्या हातून काय होतें व काय होत नाहीं, हें नीट समजल्यावांचून त्यांच्या भरंवशावर राहणें धोक्याचें आहे. या दोन्ही बाजूंचा विचार पुढें केला आहे.

तेल जमिनींत काय करितें

डिझेल व पेट्रोल हे पदार्थ मुख्यतः कर्ब व हायड्रोजन या दोन मूलद्रव्यांचे बनलेले आहेत. ते मातींत शिरले म्हणजे कणांवर त्यांचा पातळ लेप बसतो. मग पाणी मातींत न मुरतां वरूनच ओघळून जातें, मुळांशीं हवा पोंचत नाहीं, आणि तेलांतील हलके अंश कोंवळ्या अंकुरास विषासारखे बाधतात. याशिवाय आणखी एक हानि होते, ती मात्र शेतकऱ्याच्या ओळखीची आहे. न कुजलेला पालापाचोळा किंवा काड शेतांत गाडलें, तर तें कुजविणारे जंतु जमिनींतील नत्र स्वतःकडे ओढून घेतात व पीक पिवळें पडतें. तेलाचेंहि तसेंच आहे. तेलांत कर्ब भरपूर, पण नत्र जवळजवळ नाहींच. तेव्हां तें पचवूं पाहणारे जंतु आसपासचा नत्र उचलतात व पीक उपाशी राहतें.

तेल खाणारे जंतु

कांहीं जंतु तेलावर उपजीविका करितात, हा शोध नवा नाहीं. मियोशी या जपानी शास्त्रज्ञानें १८९५ सालीं एका बुरशीचे तंतु मेणासारख्या पॅराफिनमध्यें शिरतात असें नमूद केलें. पुढें १९१३ सालीं हॉलंडांतील सोंगेन यानें पेट्रोल व पॅराफिन यांवर वाढणाऱ्या जंतूंचें वर्णन केलें. अमेरिकेंतील झोबेल यानें १९४६ सालीं तोंवरच्या माहितीचा संग्रह करून असें दाखविलें कीं, अशा जंतूंच्या कितीतरी जाति असून त्या माती, गाळ व समुद्राचें पाणी यांत सर्वत्र पसरलेल्या आहेत. स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकस, मायकोबॅक्टेरियम हीं त्यांतील कांहीं कुळें होत.

त्यांची रीत थोडक्यांत अशी. तेलाचा कण म्हणजे कर्बाच्या अणूंची एक सांखळी. जंतु प्रथम या सांखळीच्या एका टोंकास प्राणवायु जोडतो. त्यामुळें तिचें अल्कोहोल व पुढें चरबींत असतें तसलें आम्ल बनतें. तें आम्ल दोन दोन कर्बांचे तुकडे तोडीत तो पचवितो. कांहीं भागांतून स्वतःचें शरीर वाढवितो, व उरलेल्याचें पाणी आणि कार्बन डाय-ऑक्साइड, म्हणजे आपण श्वासावाटें बाहेर सोडतों तो वायु, करून टाकितो. सरळ सांखळ्या लवकर पचतात, फांट्यांच्या सांखळ्या त्यामागून, अनेक वलयांचे पदार्थ फार सावकाश, आणि डांबरासारखे जड अंश जवळजवळ तसेच राहतात. म्हणूनच सांडलेलें डिझेल पुष्कळ अंशीं नाहींसें करितां येतें, पण इंजिनांतून काढलेलें काळें वंगण चिवटपणें टिकून राहतें. त्या वंगणांत धातूंचे अंशहि असतात, आणि धातु कोणताहि जंतु खाऊन नाहींसा करूं शकत नाहीं.

वाऱ्याचा हिशेब

या सर्व कामांत मुख्य अडचण प्राणवायूची असते. समजा, दहा लिटर डिझेल सांडलें. त्याचें वजन सुमारें ८.३ किलो. एक किलो तेल पूर्णपणें पचविण्यास साधारणतः साडेतीन किलोच्या आसपास प्राणवायु लागतो. म्हणजे या दहा लिटरांस सुमारें २८ किलो प्राणवायु पाहिजे. आपल्या हवामानांत हवेशीं खेळलेल्या एक लिटर पाण्यांत फार तर ८ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळलेला असतो. त्या हिशेबानें हें काम पाण्याकडून करवूं म्हटलें, तर सुमारें ३५ लाख लिटर पाणी त्या मातींतून जावें लागेल! उलट एक घनमीटर हवेंत सुमारें २७० ग्रॅम प्राणवायु असतो. म्हणून हेंच काम सुमारें शंभर घनमीटर हवेंत उरकतें.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. तेल वरच्या मोकळ्या मातींत आहे तोंवर केवळ खणून, उलटून, वारा देऊन त्याचा बंदोबस्त करितां येतो. तेंच तेल खालीं भूजलांत उतरलें, कीं प्राणवायूचा दुष्काळ पडतो व जंतूंचें काम अत्यंत मंदावतें. तेव्हां सांडलेलें तेल पाणी ओतून 'धुवून' टाकण्याची जी संवय पुष्कळांस असते, ती सर्वथा सोडली पाहिजे. तेल त्यानें धुतलें जात नाहीं. तें विहिरीकडे ढकललें जातें.

शेतांत तेल सांडल्यास काय करावें

पहिलें काम गळती बंद करण्याचें. जवळपास विडी, चूल किंवा इंजिनाची ठिणगी नसावी. पेट्रोल असेल तर ही सावधगिरी दुप्पट पाहिजे. वर साठलेलें तेल लांकडाचा भुसा, तूस किंवा कोरडी माती टाकून टिपून घ्यावें. नंतर जेथवर तेलाचा ओलावा व वास लागतो तेथवरची माती त्याच दिवशीं खणून काढावी.

ही माती विहीर, ओढा व गोठा यांपासून दूर, उंचवट्यावर, जाड प्लास्टिकच्या कागदावर पसरावी व भोंवतीं मातीचा लहानसा बांध घालावा. तींत चांगली माती मिसळून तेलाचें प्रमाण उतरवावें. दहा लिटर डिझेल सुमारें एक टन मातींत मिसळलें म्हणजे तें प्रमाण शेंकडा एकाच्या आंत येतें. अशी माती अर्धा फूट जाडीनें पसरण्यास सुमारें पांच चौरस मीटर जागा पुरते. काळी चिकण माती असल्यास तींत बारीक केलेलें काड किंवा भुसकट मिसळावें, म्हणजे ती भुसभुशीत राहून वारा खेळतो. चांगलें कुजलेलें शेणखत थोडें मिसळल्यास जंतूंची संख्याहि वाढते.

आतां खाद्याचा प्रश्न. तेलांतील कर्बाच्या शंभर भागांस नत्र दहा भाग व स्फुरद एक भाग, असें प्रमाण या कामांत सामान्यतः धरितात. दहा लिटर डिझेलमध्यें कर्ब सुमारें सात किलो असतो. त्यास सातशें ग्रॅम नत्र, म्हणजे सुमारें दीड किलो युरिया, व सत्तर ग्रॅम स्फुरद, म्हणजे सुमारें एक किलो साधें सुपरफॉस्फेट लागेल. हें खत एकदम न देतां तीन हप्त्यांनीं, तीन तीन आठवड्यांच्या अंतरानें द्यावें. याहून अधिक देऊं नये. क्षार वाढून जंतु उलट मंदावतात.

ओलाव्याविषयीं एका शब्दांत सांगावयाचें तर, माती वाफशावर ठेवावी. चिखल झाला तर वारा कोंडतो, धूळ झाली तर जंतु निजतात. दर आठवड्यास एकदां फावड्यानें माती उलटावी, व जोराचा पाऊस येणार असेल तेव्हां ती झांकून घ्यावी. कोंकणांतील जांभ्या जमिनीसारखी माती आम्ल असेल तर थोडा चुना मिसळावा. उष्णतेच्या बाबतींत आपला देश भाग्यवान आहे. थंड देशांत वर्षाचे थोडे महिनेच हे जंतु नेटानें काम करितात, आपल्याकडे ते बाराहि महिने करूं शकतात.

कांहीं महिन्यांनीं वास नाहींसा झाला म्हणजे माती शुद्ध झाली, असें मानूं नये. हलके अंश उडून गेल्यामुळें वास आधींच जातो. दोन कुंड्या घेऊन एकींत ही माती व दुसरींत चांगली माती भरावी, आणि दोहोंत मुगाचे वीस वीस दाणे पेरावे. दोहोंकडील उगवण व रोपांची वाढ सारखी दिसेपर्यंत ही माती शेतांत नेऊं नये. आणि नंतरहि ती भाजीपाल्याच्या वाफ्यांत न टाकतां बांधावर किंवा झाडांच्या रांगेंत टाकणें बरें. तेल अधिक सांडलें असल्यास या घरगुती परीक्षेवर विसंबूं नये. प्रयोगशाळेंत माती तपासून घ्यावी.

विहिरीचें दुखणें

जमिनीचें दुखणें वर दिसतें, विहिरीचें दिसत नाहीं. तेल पाण्याहून हलकें असल्यामुळें तें भूजलाच्या पृष्ठावर तरंगत राहतें. पावसाळ्यांत पाणी चढतें व उन्हाळ्यांत उतरतें, तसा तेलाचा थरहि वरखालीं होऊन आजूबाजूच्या मातीस व मुरमास लिंपला जातो. मग प्रत्येक पावसाळ्यांत त्याचा अंश पुनः पाण्यांत उतरूं लागतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा आहे. त्यांत पाणी भेगांतून व फटींतून वाहतें. त्याच वाटांनीं तेलहि जातें, आणि तें कोणत्या विहिरींत निघेल हें सांगणें कठीण होऊन बसतें.

पेट्रोलांत बेंझीन नांवाचा एक अंश असतो. तो पाण्यांत विरघळतो, व त्यानें रक्ताचा कर्करोग होतो हें सिद्ध झालेलें आहे. पिण्याच्या पाण्याविषयीं २०१२ सालीं ठरलेल्या भारतीय मानकाप्रमाणें एक लिटर पाण्यांत ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक बेंझीन असतां कामा नये. पेट्रोलांत तें शेंकडा एकापर्यंत असूं शकतें. म्हणजे एक लिटर पेट्रोलांत सुमारें ८.८ ग्रॅम. वरील मर्यादा गांठण्यास इतकें बेंझीन ८ लाख ८० हजार लिटर पाण्यास पुरें पडेल. डिझेलांत बेंझीन फारच कमी असतें, तथापि तेंहि पाणी पिण्यास निरुपयोगी करितें.

बेमिजी येथील धडा

भूजलांत उतरलेल्या तेलाचें पुढें काय होतें, याचा दीर्घ काळ अभ्यास झालेलें एक ठिकाण अमेरिकेच्या मिनेसोटा प्रांतांत बेमिजी या गांवाजवळ आहे. तेथें २० ऑगस्ट १९७९ रोजीं जमिनींतील तेलाचा नळ फुटून सुमारें १७ लाख लिटर कच्चें तेल वाळूच्या जमिनीवर पसरलें. बरेंचसें तेल गोळा करण्यांत आलें, तरी सुमारें चार लाख लिटर जमिनींतच राहिलें. १९८३ सालापासून तेथील सरकारी भूगर्भशास्त्र खात्यानें या जागेचा सतत अभ्यास चालविला.

त्यांत असें आढळलें कीं, तेलाजवळच्या पाण्यांतील प्राणवायु जंतूंनीं लवकरच संपविला. पण ते थांबले नाहींत. प्राणवायूच्या जागीं निराळ्या जातींच्या जंतूंनीं मातीच्या कणांवरील लोहाच्या गंजाचा उपयोग केला. आणि तोहि जेथें संपला, तेथें गोबर-गॅसच्या टाकींतल्याप्रमाणें तेल कुजवून त्याचा मिथेन वायु करणारे जंतु कामास लागले. पहिल्या सतरा वर्षांत तेथील भूजल सुमारें ५०० मीटर पुढें सरकलें होतें. पण पाण्यांत विरघळलेले तेलाचे अंश सुमारें २०० मीटरच गेले, व प्रत्यक्ष तेल सुमारें ४० मीटर. बाकीचें वाटेंतच जंतूंनीं पचविलें.

हें वाचून कोणास वाटेल कीं, मग स्वस्थ बसलें तरी चालेल. तें बरोबर नाहीं. चाळीस वर्षें उलटून गेल्यावरहि त्या जमिनींत तेल शिल्लक होतें. शिवाय लोहाचा गंज विरघळूं लागला तेव्हां त्याला चिकटून असलेलें सोमल पाण्यांत सुटूं लागल्याचेंहि तेथें आढळून आलें. जंतूंनीं तेलाचा पसारा रोखला खरा, पण त्या दोनशें मीटरांच्या आंत एखाद्याची विहीर असती, तर त्याच्या दोन पिढ्या तिचें पाणी पिऊं शकल्या नसत्या.

भूजलांतील जंतूंस बाहेरून मदत देतां येते. १९७२ सालीं अमेरिकेंतील अँब्लर या गांवीं नळांतून गळलेल्या पेट्रोलवर रेमंड या संशोधकानें हा प्रयोग केला. विंधणविहिरींतून खालीं हवा सोडून व नत्र-स्फुरदाचीं खतें पाण्यांतून देऊन त्यानें तेथल्याच जंतूंस कामास लाविलें, आणि पुढें १९७४ सालीं या पद्धतीचें पेटंट मिळविलें. आजहि याच धर्तीवर काम चालतें. परंतु त्यास विंधणविहिरी, हवेचे पंप व वरचेवर पाणी तपासणी लागते. हें एकट्या शेतकऱ्याच्या आवांक्यांतील काम नव्हे.

म्हणून विहिरीच्या पाण्यास तेलाचा वास आला किंवा वर इंद्रधनुष्याच्या रंगांची साय दिसली, तर तें पाणी माणसांनीं व गुरांनीं पिणें तत्काळ बंद करावें. तें उकळून किंवा तुरटी फिरवून उपयोग नाहीं, आणि विहिरींत विरंजक चूर्ण टाकल्यानेंहि तेल जात नाहीं. विहिरींत दिवा किंवा पेटती काडी नेऊं नये. शेजारच्या विहिरींवर जोराचा उपसा चालू असेल तर तो थांबवावा, कारण उपशाबरोबर तेलहि तिकडे ओढलें जातें. प्रदूषण नियंत्रण मंडळास व जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कचेरीस लेखी कळवून त्याची पोंच घ्यावी; पाण्याचा नमुना स्वच्छ कांचेच्या बाटलींत, वर हवा न ठेवतां, कांठोकांठ भरून घ्यावा.

विकतच्या जंतूंविषयीं

तेल खाणाऱ्या जंतूंचीं चूर्णें बाजारांत मिळतात, तेव्हां त्यांचा उपयोग किती, हा प्रश्न साहजिक आहे. २४ मार्च १९८९ रोजीं 'एक्सॉन वाल्डेझ' हें जहाज अलास्काच्या किनाऱ्याशीं खडकावर आदळून सुमारें चार कोटी लिटर तेल समुद्रांत गेलें. तेव्हां किनाऱ्यावरील दगडगोट्यांवर नत्र-स्फुरदाचीं खतें टाकण्यांत आलीं, व तेथल्याच जंतूंनीं तेल अधिक वेगानें पचविलें. पुढील वर्षीं तेथें विकतच्या जंतूंचीहि परीक्षा झाली. परंतु नुसत्या खताहून त्यांचा निश्चित असा अधिक गुण दिसून आला नाहीं. आनंदमोहन चक्रवर्ती या बंगाली शास्त्रज्ञानें अमेरिकेंत प्रयोगशाळेमध्यें तेल खाणारा एक नवा जंतु घडविला, व त्याच्या पेटंटाचा खटला १९८० सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयांत गाजला. पण तो जंतुसुद्धां उघड्या भूमीवर किंवा समुद्रावर तेल साफ करण्यास कधीं सोडला गेला नाहीं.

याचा अर्थ बाहेरून आणलेले जंतु नेहमींच व्यर्थ, असा मात्र नव्हे. आपल्या देशांत दिल्लीच्या 'टेरी' संस्थेनें 'ऑइलझॅपर' नांवाचें पांच जातींच्या जंतूंचें मिश्रण तयार केलें आहे. तें मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांच्या भुकटींत मिसळून नेतात, आणि तेलशुद्धीच्या कारखान्यांतील चिकट गाळावर व तेलविहिरींच्या परिसरांतील मातीवर त्याचा उपयोग झालेला आहे. जेथें जड गाळाचे ढीग आहेत व मूळचे जंतु फार थोडे आहेत, तेथें अशा विरजणास अर्थ आहे. शेतांतल्या सजीव मातींत मात्र विरजण आधींच असतें; कमी असतो तो वारा, ओलावा व नत्र. हीं तीन दिल्यावांचून विकतचें चूर्ण कामाचें नाहीं, आणि दिल्यावर बहुधा त्या चूर्णाची गरज राहत नाहीं.

जेथें जंतूंचें चालत नाहीं

२०१३ सालीं अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा प्रांतांत टायोगा गांवाजवळ गव्हाच्या शेताखालील नळ गळून सुमारें ३२ लाख लिटर कच्चें तेल जमिनींत गेलें. कापणी करणाऱ्या शेतकऱ्याच्या तें प्रथम लक्षांत आलें. तेल इतकें खोल व इतकें दाट होतें कीं, जंतूंवर काम सोपवितां येईना. माती खोलवर खणून भट्टींत तापवून तेल काढावें लागलें, व या कामांत कित्येक वर्षें गेलीं. तापविलेली माती पुनः भरली, तरी तींतील सेंद्रिय अंश कमी झाल्यानें तीस चांगल्या मातीची जोड द्यावी लागते. तेव्हां जंतूंचें सामर्थ्य थोड्या तेलास, उथळ मातींत व वेळीं उपाय केल्यासच पुरें पडतें.

शेतकरी बंधूंनीं ध्यानांत ठेवावयाचें तें इतकेंच. तेलाचें पिंप विहिरीच्या थारोळ्यापासून दूर, पक्क्या फरशीवर व पसरट पत्र्यांत ठेवावें; इंजिनाखालीं गळणारें वंगण पत्र्यांत धरून वेगळें साठवावें, तें मातींत ओतूं नये. एवढें करूनहि तेल सांडलेंच, तर त्याच दिवशीं फावडें उचलावें. तेल वरच्या अर्ध्या फुटांत आहे तोंवर तें जंतूंच्या व आपल्या हातांत असतें. तें झऱ्यापर्यंत पोंचल्यावर जंतु आपलें काम करीत राहतीलच, पण तें पुरें होईपर्यंत ती विहीर आपल्या उपयोगाची राहणार नाहीं.